आठवीचा इतिहास : सनावळ्या पाठ आहेत, तरी पेपरात सगळी सरमिसळ. काय करावं?

कल्याणची आई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. गुरुवारी इतिहास-नागरिकशास्त्राचा पेपर आहे आणि आज रविवार.

अभ्यास केलेला नाही असं म्हणवत नाही, खूप केलाय. कपाटाच्या दाराला आतून सनावळ्यांचा तक्ता चिकटवलाय. कपडे काढायला दार उघडलं की पुटपुटत उभी राहते. प्लासी १७५७, बक्सार १७६४, वसईचा तह १८०२... पोपटासारखं चालू असतं. पण काल सहज विचारलं, "सायमन कमिशन आधी की मिठाचा सत्याग्रह?" तर गप्प. "भगतसिंगांना फाशी झाली तेव्हा गांधीजी काय करत होते?" यावर म्हणाली, "ते दुसऱ्या धड्यात आहे."

वर्गात पुस्तकावर पेन्सिलीने 'मह.' लिहून घेतलंय. आता जवळजवळ अख्खं पुस्तकच महत्त्वाचं झालंय. गाईड आणलं, तर त्यात तीच वाक्यं जरा लांब करून छापलेली. सहामाहीत 'कालानुक्रमे लिहा' आणि 'सकारण स्पष्ट करा' या दोन प्रश्नांनी घात केला होता. यांची रात्रपाळी असते आणि मी कॉमर्सवाली. माझा इतिहास चौथीत शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला संपला. चार दिवसांत काय करून घेता येईल?

टिळकरोड_क्लासवाला

ताई, चार दिवसांत फार तत्त्वज्ञान नको. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापा. एका बाजूला घटना, मागे साल. रोज सकाळ-संध्याकाळ पत्त्यांसारखे पिसून विचारा. चुकलेले बाजूला काढा, पुन्हा विचारा. सोबत प्रत्येक धड्याचा स्वाध्याय दोनदा लिहून काढायला लावा. रिकाम्या जागा, जोड्या, चुकीची जोडी ओळखा, सगळे हमखास मार्क त्यातच असतात. आमच्याकडे मुलं असंच करतात आणि बरे मार्क पडतात.

शिराळ्याच्या बाई

कल्याणच्या ताई, मी जिल्हा परिषदेच्या आणि मग एका हायस्कूलच्या मुलांना इतिहास शिकवत निवृत्त झाले. क्लासवाले दादा म्हणतात ते पत्ते रिकाम्या जागांना चालतील. पण तुमच्या मुलीचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुम्ही स्वतःच लिहिलंय : "ते दुसऱ्या धड्यात आहे." तिला सनावळ्या येतात, पण एकेका धड्याच्या चार भिंतींत येतात.

दोष तिचा नाही, पुस्तकाची मांडणीच तशी आहे. असहकार, सविनय कायदेभंग, अंतिम पर्व हे धडे ओळीने पुढे जातात. पोरं 'छोडो भारत'पर्यंत येऊन पोचतात, स्वातंत्र्य हाकेच्या अंतरावर दिसायला लागतं, आणि पान उलटलं की धाडकन मागे, वासुदेव बळवंत फडक्यांच्या १८७९ मध्ये. तो सशस्त्र क्रांतीचा धडा. तो संपवून दम खावा तर 'समतेचा लढा' पुन्हा एकोणिसाव्या शतकापासून सुरू. विषयवार शिकवायला हे सोयीचं आहे, मीही तसंच शिकवलं. पण मुलांच्या डोक्यात त्यातून तीन-चार वेगवेगळे भारत तयार होतात. एकात गांधीजी चालतायत, दुसऱ्यात भगतसिंग आहेत, तिसऱ्यात बाबासाहेब, चौथ्यात शेतकरी आणि गिरणी कामगार. ही सगळी माणसं एकाच वेळी जगत होती, एकमेकांच्या बातम्या वाचत होती, हे पोरांच्या गावीच नसतं.

तेव्हा धडे उभे आहेत, तर उजळणी आडवी करा. कशी ते सांगते.

एक कोरा कागद आडवा धरा. वर मधोमध लिहा १९३०. खाली रकाने : काँग्रेस आणि गांधीजी, क्रांतिकारक, समतेचा लढा, महाराष्ट्रात काय घडलं. पुस्तक तिच्या हातात द्या आणि १९३० हा आकडा जिथे जिथे दिसेल तिथून घटना उचलून योग्य रकान्यात महिन्यासकट लिहायला सांगा. तुम्ही सांगू नका. शोधायला लागलेली घटना डोक्यातून सहजी जात नाही.

तिला हे सापडेल. २६ जानेवारीला देशभर स्वातंत्र्य दिन पाळला, कारण आधीच्या डिसेंबरात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता. २ मार्चला नाशकात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू. लगेच १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले, ६ एप्रिलला मीठ उचललं. १८ एप्रिलला तिकडे चितगावला सूर्य सेन आणि त्यांच्या सोबत्यांनी शस्त्रागारावर हल्ला केला. २३ एप्रिलला पेशावरात खान अब्दुल गफार खानांच्या माणसांवर गोळीबार, आणि गढवाल पलटणीच्या चंद्रसिंग ठाकूरांनी गोळ्या झाडायला नकार दिला. मे महिन्यात सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर, मग लष्करी कायदा. २१ मेला धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रह, सरोजिनी नायडू पुढे. सप्टेंबरात चिरनेरचा जंगल सत्याग्रह. नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद, बाबासाहेब तिथे आहेत आणि काँग्रेस नाही. १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू हुतात्मा झाले.

आता तो कागद बघा. काळाराम आणि दांडी यांत फक्त दहा दिवस! माझ्या वर्गातल्या हुशार पोरांनासुद्धा हे माहीत नसायचं, कारण एक गोष्ट एका धड्यात आणि दुसरी काही धड्यांनंतर. कागद भरला की तिलाच विचारा, "एकाच वर्षी एवढं सगळं का पेटलं?" लगेच उत्तर येणार नाही, येऊ नये. १९२९ मध्ये जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, शेतसारा मात्र तेवढाच राहिला, एवढं तुम्ही सांगा. पुढचं ती जोडेल.

मग विचारा, "मीठच का?" गरिबाला लागतं म्हणून, हे उत्तर सगळी देतात. पुढचा प्रश्न माझ्या गावाकडचा आहे. मीठ करायचं तर समुद्र पाहिजे. आमच्या शिराळ्याला समुद्र कुठला? डोंगर आणि जंगल. मग इथल्या लोकांनी काय मोडायचं? जंगलाचा कायदा मोडला. शेजारच्या बिळाशीत लोकांनी जंगलातलं झाड तोडून आणून गावात झेंडा उभारला. पुसदला लोकनायक बापूजी अणे, रायगडात चिरनेर. पुस्तकात 'जंगल सत्याग्रह' म्हणून गावांची नावं एका ओळीत येतात आणि मुलं ती यादीसारखी पाठ करतात. पण ज्याच्या दारात जो जाचक कायदा होता तो त्याने मोडला, हे एकदा उमगलं की 'सविनय कायदेभंग' यावर टीप लिहायला पाठांतर लागत नाही.

जाता जाता, पुस्तकात बिळाशी सातारा जिल्ह्यात दिलेली दिसेल, ते बरोबर आहे. सांगली जिल्हा १९४९ ला वेगळा निघाला, तेही दक्षिण सातारा या नावाने. १९४२ च्या चळवळीत उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचंही, म्हणजे समांतर सरकारचंही, तसंच. क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव आज सांगली जिल्ह्यात, पण सरकार साताऱ्याचं. आमच्याकडची पोरं यावरून माझ्याशी भांडायची, "बाई, आपलं नाव का नाही?"

असे आडवे कागद सगळ्या वर्षांचे करायला वेळ नाही. माझ्या मते चार पुरेत : १८४८, १९१९, १९३०, १९४२. जमलंच तर १९४६. बाकीच्या घटना याच्या आधी की नंतर एवढं कळलं तरी कालानुक्रमाचा प्रश्न सुटतो.

१८४८ का म्हणाल. गव्हर्नर जनरल डलहौसी भारतात आला आणि त्याच वर्षी वारस नामंजूर म्हणून साताऱ्याचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा. एक गोष्ट 'ब्रिटिश सत्तेचे परिणाम'मध्ये, दुसरी 'प्रबोधना'त. इथून १८५७ कडे सरळ वाट जाते. सातारा गेलं, मग झाशी, नागपूर, शेवटी १८५६ ला अयोध्या. नानासाहेबांचं निवृत्तिवेतन बंद. साताऱ्याच्या राजाची बाजू मांडायला लंडनपर्यंत गेलेले रंगो बापूजी १८५७ मध्ये लढ्याच्या तयारीत सापडतात. '१८५७ च्या लढ्याची राजकीय कारणे' हा प्रश्न यात संपला की नाही? आणि मुलीला एक गंमत विचारा. मुंबई विद्यापीठ कधीचं? १८५७ चंच. उत्तरेत लढाई चालू आहे आणि इकडे, कलकत्त्यात, मद्रासला विद्यापीठं उघडतायत. त्याच विद्यापीठांत शिकलेले लोक पुढे काँग्रेसमध्ये दिसतात.

आज १९३० एवढंच करा. एका बैठकीत दोन वर्षं घेऊ नका.

अकोलेकर

बाई, सलाम. पण एक दुरुस्ती आमच्या वऱ्हाडाकडून घ्याच. समुद्र नसून बी मीठ केलं आमच्या लोकायनं. अकोल्याजवळ दहीहंडा गाव हाय, सारा खारपाणपट्टा. विहिरीचंच पाणी खारट. त्याच पाण्याचं मीठ करून १९३० मध्ये तिथं सत्याग्रह झाला. आजही त्या भागात प्याच्या पाण्याची बोंब हाय, पण कायदा मोडाच्या कामी आलं ते पाणी. पोरीनं टिपेत लिहिलं तर तपासणारा खूश होईल.

शिराळ्याच्या बाई

अकोलेकर, घेतली दुरुस्ती. लिहू दे तिला. पुस्तकाबाहेरचं एक खरं वाक्य उत्तरात आलं की तपासणाऱ्याची पेन्सिल जरा थांबते, हा माझा अनुभव आहे. मात्र एकच वाक्य. नाहीतर पोरं दहीहंड्यावरच पानभर लिहितात आणि मूळ मुद्दा राहून जातो.

कल्याणची आई

बाई, काल रात्री १९३० केलं. कागद कमी पडला, तिने मागून दुसरा चिकटवला. काळाराम आणि दांडीतले दहा दिवस तिला स्वतःला दिसले. मग तिनेच विचारलं, "आई, बाबासाहेब मिठाला का नाही गेले?" मला काय सांगावं कळेना. मी म्हटलं, बाईंना विचारते.

दुसरं, तिच्या एका मैत्रिणीने सांगितलं की कारणे लिहिताना पूर्ण तारीख नसेल तर मार्क कापतात. खरं का?

नुकतीच_दहावी_सुटलेली

मी सांगते, ताजा अनुभव आहे. आठवीत मी प्रत्येक तारीख महिन्यासकट पाठ केली होती आणि पेपरात लिहायला वेळ पुरला नाही. सालं आली की झालं, असं आमच्या मॅडम म्हणायच्या. संकल्पनाचित्रात मात्र नाव अचूक हवं. 'नेहरू अहवाल' मोतीलाल नेहरूंचा, पण मुलं जवाहरलाल लिहितात. 'स्वराज्य पक्ष' म्हटलं की चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू, टिळक नाहीत.

आणि काकू, तिला म्हणावं आताच मजा करून घे. नववीत इतिहास स्वातंत्र्यानंतरचा आहे, नियोजन आणि धोरणं वगैरे. दहावीत तर इतिहासलेखन, संग्रहालयं, प्रसारमाध्यमं, खेळ. गोष्टी हव्या असतील तर आठवीचंच पुस्तक भारी आहे.

टिळकरोड_क्लासवाला

बाईंचा अनुभव मोठा आहे, पण मला एक शंका आहे. पेपर गुरुवारी. आडवे कागद, 'का पेटलं' वगैरे चर्चा करायची तर एका वर्षाला एक संध्याकाळ जाणार. 'युरोप आणि भारत' धडा कोण करणार? औद्योगिक क्रांती, पुनरुज्जीवन, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध यांवर पण प्रश्न येतो. मुलीला आवड लागेल, मार्क लागतील का?

शिराळ्याच्या बाई

एकेकाला उत्तर देते.

आधी मुलीचा प्रश्न, कारण तोच सगळ्यात चांगला आहे. बाबासाहेब मिठाला का गेले नाहीत हे आठवीच्या मुलीला सुचलं, म्हणजे आडवा कागद कामाला आला. तिला उलट विचारा, १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर ते कशासाठी गेले होते? पाण्यासाठी. सरकारने सार्वजनिक ठरवलेल्या तळ्याचं पाणी गावातलेच लोक भरू देत नव्हते. म्हणजे इंग्रज उद्या गेला तरी ते तळं आपोआप खुलं होणार नव्हतं. म्हणून त्यांचा सत्याग्रह देवळाच्या दाराशी होता, आणि लंडनच्या परिषदेत ते दलितांसाठी राजकीय हक्क मागत होते. हा धागा पुढे १९३२ च्या पुणे कराराला जाऊन मिळतो. येरवड्यात गांधीजींचं उपोषण, २४ सप्टेंबरला करार. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की नाही हा दोघांचा वाद होता, तो तिला सांगा, लपवू नका. आठवीतल्या मुलांना मोठी माणसं एकमेकांशी भांडली हे कळलेलं चालतं, उलट त्यांना तेच लक्षात राहतं.

भगतसिंगांचं तुम्ही विचारलं होतंत. ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही कैदी सुटले. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी. पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांतल्या तारखा, पण मधे तीन आठवडेसुद्धा नाहीत. लगेच कराचीला काँग्रेसचं अधिवेशन होतं, तिथे तरुणांनी गांधीजींना काळी निशाणं दाखवली. आता 'गांधी-आयर्विन करार' ही टीप तिला नीरस वाटते का बघा.

तारखांचं : नुकतीच दहावी सुटलेली मुलगी म्हणते ते बरोबर. साल पुरे. पूर्ण तारीख फक्त जिथे ती तारीखच घटनेचं नाव झाली आहे तिथे लिहावी. १३ एप्रिल, ८ ऑगस्ट, १५ ऑगस्ट, १ मे. बाकी तारखांच्या नादात कारण राहून जातं. कारणे लिहिण्याचा नमुना देते. प्रश्न समजा असा : गांधीजींनी असहकार चळवळ स्थगित केली.

दहातली आठ मुलं लिहितात, "कारण चौरीचौरा येथे हिंसा झाली." एका वाक्यात उत्तर संपलं, मार्क एक. आता हे बघा.

"असहकार चळवळ अहिंसेच्या मार्गाने चालवायची असे ठरले होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये उत्तर प्रदेशातील चौरीचौरा येथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी पेटवून दिली व त्यात पोलीस मारले गेले. अहिंसेचे तत्त्व मोडले गेल्याने गांधीजी व्यथित झाले व त्यांनी १२ फेब्रुवारीला चळवळ थांबवली."

पहिलं वाक्य नीट बघा, त्यात घटना नाहीच. त्यात अट आहे. मुलं ते गाळतात, आणि मग चौरीचौरामुळे चळवळ का थांबावी हे उत्तरातून कळतच नाही. मी वर्गात सांगायचे, कारणे लिहिताना पहिलं वाक्य 'त्याआधी काय ठरलं होतं / काय चालू होतं' याचं. सायमन कमिशन घ्या. पहिलं वाक्य : भारतातल्या सुधारणांचा आढावा घ्यायला १९२७ मध्ये सात सदस्यांचं मंडळ नेमलं. मग : त्यात एकही भारतीय नव्हता. मग : म्हणून बहिष्कार, काळी निशाणं, लाहोरला लाठीमार, लाला लजपतराय. आणि इथून क्रांतिकारकांच्या धड्यात उडी : त्याचा बदला म्हणून साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध. अशा पाच-सहा उत्तरांवर हात बसू दे, बाकीची ती आपोआप लिहील.

आता क्लासवाले दादा. तुमची शंका रास्त आहे. 'युरोप आणि भारत' मी पुठ्ठ्यांवर सोडते, तुमच्याच पद्धतीने करा, त्या धड्याला तीच योग्य. १७७६ अमेरिका, १७८९ फ्रान्स, इंग्लंडची औद्योगिक क्रांती, एवढं सुटं सुटं पाठ झालं तरी चालतं. फक्त एक धागा जोडून द्या. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि कापड खपवायला बाजार हवा होता, म्हणून आपले विणकर बसले. हे कळलं की बाबू गेनूसमोरचा ट्रक परदेशी कापडाचाच का होता, तेही कळतं. बाकी मार्कांचं म्हणाल तर ज्या दोन प्रश्नांत तिचे मार्क गेले ते दोन्ही पत्त्यांनी सुटणारे नाहीत. कालानुक्रम आणि कारणे. म्हणून तर हा खटाटोप.

सोमवार संध्याकाळ : १९१९. पहिलं महायुद्ध संपलं, महागाई, सैन्यभरतीची सक्ती, वर रौलट कायदा, मग अमृतसरला जालियनवाला बाग, मग खिलाफत. आणि १ ऑगस्ट १९२० हा दिवस तिला दाखवा. टिळक गेले आणि असहकार सुरू झाला, एकाच दिवशी. 'टिळक युग' आणि 'गांधी युग' पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत आहेत, तर ही सांधणारी तारीख आहे. मंगळवारी १८४८ चा कागद, तिथून पुढे १८५७ पर्यंत. बुधवारी १९४२ आणि ती शेवटची प्रकरणं, जी कुणीच करत नाही. त्याबद्दल नंतर लिहिते, आता नातू फोन मागतोय.

मडगावकर

बाई शेवटची प्रकरणं म्हणाल्या ती बहुतेक आमचीच. गोव्यातून लिहितोय. मुंबईत माझी भाची आठवीत होती तेव्हा तिने उत्तरात लिहिलं, "१५ ऑगस्ट १९४७ ला गोवा स्वतंत्र झाला." मी तिला म्हटलं, बाय गं, आम्ही आणखी चौदा वर्षं पोर्तुगिजांखालीच होतो!

१८ जून १९४६ ला मडगावात राम मनोहर लोहियांनी भाषणबंदी मोडली, त्यांना पकडलं. आमच्याकडे तो दिवस अजून क्रांती दिन म्हणून पाळतात, महाराष्ट्रात क्रांती दिन म्हणजे ९ ऑगस्ट, तेवढं मुलीला सांगा म्हणजे घोटाळा नको. दादरा-नगर हवेली १९५४ ला सुटली. १९५५ ला सत्याग्रही हद्दीतून आत आले, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य आलं आणि १९ तारखेला मुक्ती.

शिराळ्याच्या बाई

मडगावकर, अगदी मनातलं लिहिलंत. स्वातंत्र्य मिळालं की पोरं पुस्तक मिटतात, आणि पुढे गोवा, हैदराबाद, संयुक्त महाराष्ट्र असे हमखास मार्क तसेच पडून राहतात.

कालानुक्रमाच्या प्रश्नात घालायला मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि गोवा. जवळजवळ सगळे गोवा आधी लिहितात. महाराष्ट्र १ मे १९६०, गोवा १९ डिसेंबर १९६१. म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा सावंतवाडीच्या पलीकडे अजून पोर्तुगाल होता. तसंच मराठवाडा. १५ ऑगस्ट १९४७ ला औरंगाबाद, नांदेड, बीड स्वतंत्र भारतात नव्हते, निजामाच्या राज्यात होते. निजामाच्या बाजूच्या रझाकार संघटनेचा जुलूम, त्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, मग सप्टेंबर १९४८ ची भारताची पोलीस कारवाई, १७ तारखेला मुक्ती. तुमच्या चाळीत-सोसायटीत मराठवाड्याचं कुणी म्हातारं माणूस असेल तर मुलीला दहा मिनिटं त्यांच्याकडे पाठवा. रझाकार म्हणजे काय हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

संयुक्त महाराष्ट्राचा धडा पायऱ्यांनी करा. १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात ठराव, १९५३ ला नागपूर करार, २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार, १९५६ ला मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य, त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समिती, चिंतामणराव देशमुखांचा अर्थमंत्रिपदाचा राजीनामा, मग १९६०. तुम्ही कल्याणला राहता, एक दिवस लोकलने सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकापर्यंत चालत जा. पेपर झाल्यावर. आधी नको, आता वेळ नाही.

१९४२ चा कागद करताना महाराष्ट्राचा रकाना मोठा ठेवा. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला आणि पहाटे सगळे पुढारी आत. मग चळवळ कुणी चालवली? हा प्रश्न तिला विचाराच. चिमूर-आष्टीचे लोक, भूमिगत रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता, नंदुरबारचा शाळकरी शिरीषकुमार, आमच्याकडचं प्रतिसरकार. प्रतिसरकारच्या टिपेत पोरं नुसतं 'समांतर सरकार स्थापन केले' लिहून थांबतात. सरकार म्हणजे काय करत होतं ते लिहायला सांगा. तंटे सोडवायचं, सावकारांना वचक बसवायचा, दारूबंदी, बिनखर्चाची लग्नं. माझ्या सासूबाईंचं लग्न तसंच लागलं होतं, हारांची अदलाबदल आणि भाषण, वाजंत्री नाही. त्या आयुष्यभर कुरकुरत राहिल्या की जेवणावळ झाली नाही!

कल्याणची आई

बाई, तुमच्या सासूबाईंचं वाचून ती खूप हसली, म्हणाली हे मी टिपेत लिहू का. मी नको म्हटलंय.

१९१९ आणि १८५७ झालं. आज अंतिम पर्व. काल तिने स्वतःच कपाटावरचा तक्ता काढून धड्यांच्या आकड्यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा केल्या, कुठलं साल किती धड्यांत येतं ते बघायला. १९२७, १९२८, १९३० ला सगळ्यात जास्त रंग पडले.

एकच राहिलं. नागरिकशास्त्र! संसद, न्यायव्यवस्था, नोकरशाही. हात पण लावलेला नाही.

शिराळ्याच्या बाई

टिपेत खुशाल लिहू दे, सासूबाईंचं नाव नको फक्त.

नागरिकशास्त्र आज सकाळीच, ताज्या डोक्याने. त्याला आडवं-उभं काही लागत नाही. लोकसभा आणि राज्यसभा यांचा तुलनातक्ता तिच्या हाताने करून घ्या : सदस्य कसे निवडले जातात, मुदत किती, किमान वय किती, अध्यक्षस्थानी कोण. मग विधेयकाचा कायदा होण्याच्या पायऱ्या. मग सर्वोच्च आणि उच्च न्यायालय. नोकरशाहीचा धडा लहान आहे, वाचून होईल. राज्यसभेचा सभापती कोण हे दोनदा विचारा. पोरं राष्ट्रपती लिहितात, उपराष्ट्रपती असतो.

आज रात्री नवीन काही काढू नका. कंपासपेटी, पट्टी, दोन पेनं, आणि साडेनऊला दिवा बंद.